दोरीची मूठ

कोणतीही जुनी मशीन समोर ठेवली की तो आधी तिची दोरी ओढत नसे. दोरीची मूठ नुसती पंजात धरायचा, डोळे मिटायचा आणि विचारायचा, "कोणाच्या हातची हाय?"

मशीन म्हणजे झाडं कापायची, पेट्रोलवर चालणारी, दोरीला झटका देऊन सुरू करायची. आमच्याकडे तिला कटर म्हणतात. सौंसरच्या बस स्टँडसमोर माझं दुरुस्तीचं दुकान आहे. फवारणीचे पंप येतात, पाण्याच्या मोटारी येतात, कटर येतात. तुम्ही कधी छिंदवाड्याच्या बसची वाट पाहत तिथं उभे राहिला असाल, तर माझ्या दुकानातला खडखडाट ऐकला असेल आणि मला मनातल्या मनात शिव्याही दिल्या असतील. त्या खडखडाटात हा माणूस देवळात उभा असल्यासारखा डोळे मिटून उभा असायचा. गिऱ्हाईक माझ्याकडे पाहायचं आणि मी छताकडे.

"अरे बावा, मशीनचं पिस्टन पाह्य, चेन पाह्य," मी चिडायचो. "हात पाहून काय करतं?"

"पिस्टन तू पाहून राहिला ना. मंग मी दुसरं काही पाहतो."

धंदा त्याचा झाडं कापायचा. जंगलातली नव्हे, परवानगी असलेली, शेतातली, बांधावरची. आणि जास्त करून वाळलेल्या संत्र्याच्या बागा. आमच्या भागात संत्र्याला डिंक सुटला, झाडं एकामागून एक वाळली, की शेवटी बाग काढावी लागते. तेव्हा लोक त्याला बोलवत. अंगानं शिडशिडीत, भुवयांत कायम लाकडाचा भुसा. जवळ बसला की संत्र्याच्या ओल्या सालीचा वास यायचा, पण फळाचा नव्हे, झाडाचा. हा वास ज्याला माहीत आहे त्यालाच माहीत आहे.

बागेत गेला की तो मशीन खाली ठेवून आधी विचारायचा, "मालक घरात गेला का?" मालक बांधावर उभा असेल तर सुरूच करायचा नाही. बिडी काढायचा, हवापाण्याच्या गोष्टी सांगायचा, चहा मागायचा. चहा सांगायला मालक घराकडे वळला की मग पहिला झटका. आपल्या हातानं लावलेलं झाड आडवं होताना कोणी पाहू नये, एवढंच त्याचं म्हणणं होतं. ते त्यानं कधी असं शब्दांत सांगितलं नाही. चहा मात्र खूप प्यायला.

जुनी मशीन घेतली की त्याची एक रीत होती. दोरीची गाठ सोडायची, मूठ काढायची आणि ज्याची मशीन त्याच्या घरी ती परत नेऊन द्यायची. "मशीन माही, मूठ तुमची." मग स्वतःच्या हातानं संत्र्याच्या लाकडाची मूठ तासून बसवायची. विकणारे हसायचे. एकानं तर त्याच्यासमोरच ती उकिरड्यावर भिरकावली. हा गेला, उचलून आणली, पुसली आणि त्याच्या ओसरीच्या खुंटीला अडकवून आला. भांडण झालं म्हणे. व्हायचंच.

ही रीत कुठून आली ते मला माहीत होतं. निदान मला तसं वाटत होतं. त्याची पहिली मशीन नागपूरच्या जुन्या बाजारातली. चांगली चालायची, पण करवत खोडाच्या निम्म्यात गेली की बंद पडायची. दरवेळी निम्म्यातच. मी कार्बोरेटर उघडला, पडदा बदलला. दुकानात फटाफट सुरू. बागेत गेली की निम्म्यात बंद. हा अस्वस्थ झाला. जेवण तुटलं. शोधत शोधत त्या मशीनच्या मूळ मालकाच्या घरापर्यंत पोहोचला. डोंगराच्या वरच्या अंगाला एक गाव, तिथला एक पोरगेला कापणारा. झाड निम्मं कापलेलं असताना वाऱ्यानं फिरलं आणि त्याच्यावरच आलं; जागीच गेला. घरी नुसती आई.

हा मूठ घेऊन त्या माउलीकडे गेला. परत आला तो दुकानासमोर नुसता बसून राहिला. मी विचारलं तेव्हा म्हणाला, "देऊन आलो."

त्यानंतर मशीन कधी निम्म्यात बंद पडली नाही. आता खरं सांगायचं तर त्याच आठवड्यात मी टाकीतली जाळी साफ केली होती. कचरा अडकत होता, पेट्रोल कमी पडत होतं. मी त्याला ते समजावून सांगितलं. शांतपणे ऐकून घेतलं त्यानं.

"बरोबर हाय मिस्त्री. तू तुह्या बाजूनं साफ केली, मी माह्या."



जोडीला इतर जुन्या मशीनी आल्या नि गेल्या, पण तीच मशीन त्यानं वर्षानुवर्षं चालवली. शेवटी तिचं सिलिंडर पार झिजलं. त्याच सुमारास मोहगावकडची एक मोठी वाळलेली बाग त्याच्याकडे आली. मशीन घेणं भाग होतं. नवी घ्यायची की जुनी, यावर माझ्या दुकानात जेवढी चर्चा झाली तेवढी मुलीच्या लग्नातही होत नसेल. वहिनींचं, म्हणजे त्याच्या बायकोचं म्हणणं, नवीच घ्या. पहिल्या मशीनपायी यांची झोप गेलेली त्यांनी पाहिली होती. माझं म्हणणं, जुनी घे. पांढुर्ण्याला एका म्हाताऱ्या शेतकऱ्याकडे एक होती, जेमतेम वापरलेली, मीच सांभाळलेली. तशी मशीन पुन्हा मिळाली नसती.

"मालक जिता हाय ना?" त्यानं विचारलं.

"ठणठणीत. हात कापतात फक्त, म्हणून विकून राहिला."

आम्ही दोघं बसनं पांढुर्ण्याला गेलो. म्हाताऱ्यानं मशीन धुऊनपुसून ओसरीत पोत्यावर मांडली होती. चहा झाला. यानं मूठ धरली, डोळे मिटले. म्हातारा म्हणाला, "थांबा, मी दाखवतो सुरू करून." थरथरत्या हातानं त्यानं झटका दिला. झाली नाही. दुसरा दिला. नाही. मी पुढं झालो तर यानं मला मागं ओढलं. आणखी एकदा म्हाताऱ्यानं ओढली आणि मशीन सुरू झाली. त्याचा चेहरा काय फुलला होता म्हणून सांगू! बंदच करेना. पोरगं हातात धरल्यासारखी धरून अंगणभर फिरला, सुनेला हाक मारून दाखवली.

आम्ही रिकाम्या हातानं परत निघालो. मी बसमध्ये त्याला फाडून खाल्लं. इतकी चांगली वस्तू, इतका चांगला माणूस, मालक जिवंत, आता काय अडलं?

"तो आजून धरून हाय मिस्त्री," तो खिडकीबाहेर पाहत म्हणाला. "त्याच्या हातातून कशी काढू?"

मग नवीच घेतली. नागपूरहून आणली, जामसांवलीला मारुतीसमोर नारळ फोडला, शेंदराचा ठिपका लावला आणि माझ्याकडे दाखवायला घेऊन आला. मशीन फारच सुरेख. पहिल्या झटक्यात सुरू. मी म्हटलं, झालं ना समाधान? त्यानं मूठ पंजात धरली, डोळे मिटले. बराच वेळ उभा राहिला.

"हिच्यात कोणीच नाही," तो म्हणाला.

"म्हणजे चांगलंच की!"

"हो. चांगलंच. पण बागेत एकटं एकटं वाटते."

त्यानंतर तो दुकानात उगाच यायचा. मशीनमध्ये बिघाड काही नसायचा. बाकावर बसायचा, ती मांडीवर ठेवायचा. मी थट्टा करायचो की आता हिला लुगडं घे. एकदा तो हसला नाही. म्हणाला, "जुनीत दुसऱ्याचा हात असे. मी आपला पाहुणा. हिच्यात तं मीच राहीन. सांगून ठेवतो मिस्त्री, मी गेलो का माही मूठ काढजो आन् घरी नेऊन देजो. कोणी फेकन, तू फेकजो नोको."

"मर बावा मंग आधी," मी म्हटलं. असंच बोलायचो आम्ही. आता ते वाक्य मला कामात असताना ऐकू येतं, माझ्याच आवाजात.

थंडीच्या दिवसांत मोहगावच्या बागेत तो गेला. अर्धी बाग काढून झाली होती. सकाळचं कोवळं ऊन होतं. मशीनमध्ये तेल भरायला खाली बसला, आणि मालक चहा घेऊन आला तेव्हा तसाच झाडाच्या बुंध्याला टेकून बसलेला होता. मशीन बंद, तेलाचं झाकण नीट लावलेलं. हृदय थांबलं, असं डॉक्टर म्हणाले. लोक म्हणाले, मशीननं नेलं. मी दुकानात दोघा गिऱ्हाइकांशी कडाडून भांडलो त्यावरून. बंद मशीन कोणाला कशी नेईल? पण लोकांना मशीनच हवी होती.

वहिनींनी मशीन माझ्याकडे आणून ठेवली. "ही चालू राहिली पाहिजे, भाऊ," एवढंच म्हणाल्या. "गंजली तं ह्यायले बरं नाही वाटणार." मी ती दुकानात मागच्या खुंटीला टांगली. येणारा पाहायचा, हात लावायचा, कोणाची ते कळलं की हात मागं घ्यायचा. समोरून नागपूरची बस निघाली की माझं दुकान हादरतं, आणि त्या हादऱ्यानं तिची दोरी हलायची, मूठ भिंतीवर टकटक वाजायची. बसमुळे, हे मला पुरतं माहीत होतं. तरी प्रत्येक टकटकीला मी मान वर करायचो. बस स्टँड रिकामा असतानाही एकदोनदा मान वर केली.

शेवटी पांढुर्ण्याकडचा एक कापणारा आला. मी त्याला कधी पाहिलं नव्हतं. पिस्टन पाहिलं, चेन पाहिली, मग विचारलं, "चालवणारा कुठं हाय?"

लपवायचं नाही असं मी ठरवलं होतं. सगळं सांगितलं. बाग, बुंधा, चहा. तो माणूस ऐकत राहिला. मला वाटलं, हाही हात मागं घेणार.

"घेतो मी," तो म्हणाला. "पण पहले मूठ काढून ठेवा. त्याच्या घरी पोचती करजा. मी माही लावतो."

मी विचारलं, हे तुला कोणी सांगितलं? तो गोंधळला. "सांगाले लागते काय? आमच्याकडं जुनी घेतली का सारे असंच करतात ना."

गाठ सोडायला मला फार वेळ लागला. नव्या मशीनची काळी मूठ, पण एका बाजूनं अशी गुळगुळीत झिजलेली की त्याच्या बोटांची जागा दिसत होती. नवी मूठ इतक्यात एवढी झिजत नाही. किती घट्ट धरायचा तो, हे मला तेव्हा कळलं.

मूठ घेऊन मी मोटारसायकलनं त्याच्या गावी गेलो. वहिनी अंगणात कापूस निवडत होत्या. मी मूठ पुढं केली. त्यांनी ती लगेच घेतली नाही. उठून आत गेल्या आणि देवांच्या देवळीतून, भिंतीतल्या कोनाड्यातून, एक दुसरी मूठ घेऊन आल्या. जुनी, पिवळी पडलेली, पण तिच्यावर धुळीचा कण नव्हता.

"त्या माउलीनं घेतलीच नवती, भाऊ," त्या म्हणाल्या. "माह्या डोळ्यासमोरून ने म्हणे. मंग हे घरीच घेऊन आले. कोणाले सांगू नोको म्हणले. देवाजवळ ठेवली. मी रोज पुसतो. ज्याची होय त्याचं तोंड मी पाह्यलं नाही, पण रोज पुसतो."

म्हणजे इतकी वर्षं इतरांच्या मुठी दारोदार पोचवणाऱ्या या माणसाच्या घरात, पोचवता न आलेली ती एक होती. "देऊन आलो," असं मला म्हणाला होता. आणि मी त्याला टाकीतल्या कचऱ्याबद्दल समजावत बसलो होतो.

"त्या बाईले नाही सहन झालं," वहिनी म्हणाल्या. "मी घेतो."

त्यांनी हात पुढं केला. त्याची मूठ मी त्यांच्या पंजात ठेवली. बोटांच्या झिजलेल्या जागांवर त्यांची बोटं आपोआप बसली. त्या तिथंच उंबऱ्यावर टेकल्या आणि डोळे मिटले.

मी गाडीपर्यंत आलो, किल्ली लावली, किकवर पाय ठेवला. मग पाय काढला. मागं वळून न पाहता गाडी तशीच ढकलत पार डांबरी रस्त्यापर्यंत नेली, आणि वहिनी घरात गेल्या असतील असं वाटेपर्यंत तिथं नुसता उभा राहिलो.