खोडलेला उंचवटा

वसंता गेल्याचं मला ठाकूरद्वारच्या नाक्यावर, बसची वाट बघताना कळलं. तीन आठवडे झाले. तेव्हापासून एका जागी बसवत नाही. लिहायला घेतो, उठतो, खिडकीशी जातो, परत येतो...

संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीची ती वर्षं. आम्ही दोघे गिरगावातले, नोकरी अणुभट्टीवर. भट्टीच्या भिंतीतल्या भोकातून न्यूट्रॉनांचा झोत यायचा, स्फटिकावर आदळून विखुरायचा. कोणत्या कोनात किती, ते आम्ही मोजायचो. यंत्र हातानेच फिरवायचं. पाव अंश पुढे, दहा मिनिटं मोजणी, वहीत आकडा, पुन्हा पाव अंश. शिरस्ता असा, की तेच मोजमाप दोघांनी वेगवेगळं करायचं, एकमेकांचे आकडे न बघता. दोघांत दिसेल तेवढंच खरं धरायचं.

माझ्या पाळीत दुपारी बातमी आली, गिरगावात मोर्चावर लाठ्या चालल्या. धाकटा भाऊ मोर्चात होता. यंत्र तसंच सोडून मी धावलो. घरी पोचलो तर भाऊ चहा पीत बसलेला. राहिलेले अकरा आकडे मी दुसऱ्या दिवशी अंदाजाने भरले. वसंताच्या आलेखात नेमका तिथेच एक लहानसा उंचवटा आला.

"तू तिथे होतास ना रे? की घोषणा देत होतास?" तो हसत म्हणाला.

"होतो की."

"मग माझाच हात हलला असणार."

पुन्हा मोजायला झोत मिळणार नव्हता, बाकीचे रांगेत होते. माझ्यासमोर त्याने खोडरबर घेतलं. त्यानंतर तो प्रत्येक आकडा तीनदा मोजायचा. घराचं कुलूपसुद्धा तीनदा ओढायचा. आम्ही चेष्टा करायचो, मीही करायचो.

दोन वर्षांनी परदेशी नियतकालिकात तोच उंचवटा छापून आला, दुसऱ्याच्या नावाने. वसंताने पान माझ्यापुढे ठेवलं, माझ्याकडे बराच वेळ बघितलं. आणि मी... मी चहा मागवला.

परवा त्याच्या घरी गेलो. वहिनींनी कपाटातून तो आलेख काढला. "हा कधी टाकू दिला नाही त्यांनी. का, ते सांगितलं नाही." खोडून खोडून कागद तिथे पातळ झाला होता. मी म्हणालो, "वहिनी, त्या दिवशी मी तिथे नव्हतो." मग सगळं सांगितलं.

वहिनींनी आलेख परत कपाटात ठेवला. देवळात जायचं होतं म्हणून माझ्याबरोबरच बाहेर पडल्या, कुलूप लावलं, ओढून बघितलं. पुन्हा ओढलं. मग तिसऱ्यांदा.

"त्यांची सवय," त्या म्हणाल्या, "आता मला लागलीय."