पियानो फक्त फोटोसाठी

मला त्या कार्यक्रमांची आता शिसारी येते. बडोद्यात पाश्चात्त्य शास्त्रीय संगीताची संध्याकाळ असली की पियानोवर बहुतेक वेळा मीच असते, कारण गाणाऱ्याच्या मागे बसून साथ करायला इथे फारसं कोणी राजी नसतं. पणजोबा संस्थानच्या फौजेत बँडवाले होते, तेव्हापासून आमच्या घरात विलायती नोटेशन वाचता येतं, एवढीच माझी पुण्याई. त्या पुण्याईवर मी पियानोच्या झाकणावर सत्काराचे नारळ पाहिले, हार पाहिले आणि एकदा तर सेवउसळीची वाटी पाहिली. वाटी उचलली तेव्हा काळ्या पॉलिशवर तेलाचं कडं उमटलं होतं. मी आयोजकांना दाखवलं, तर ते हसून म्हणाले, "लूछी नाखीशुं ने, बेन!" पुसून टाकू म्हणे. पुसलं मीच, माझ्या रुमालानं.

आणि श्रोते! आपल्या पोराचं तीन मिनिटांचं वाजवणं झालं की अख्खं कुटुंब उठून जेवायला जातं. समोर चार जण व्हायोलिन आणि चेलो घेऊन जीव तोडून वाजवत असतात आणि दुसऱ्या रांगेत वेफर्सचं पाकीट फुटतं. एका रचनेचा पहिला भाग संपला, वादक क्षणभर थांबले, तेवढ्यात निवेदिकेला वाटलं कार्यक्रम आटोपला. तिनं टाइल्सच्या एका व्यापाऱ्याला शाल घ्यायला वर बोलावलं. वादक धनुकल्या हातात धरून तसेच बसून राहिले. त्या व्यापाऱ्यानं मग बडोदं हे कलेचं शहर कसं आहे यावर भाषण केलं आणि सगळ्या सभागृहानं टाळ्या वाजवल्या. मला तर घरी जाऊन आंघोळ करावीशी वाटली.

तरी मागच्या हिवाळ्यातल्या कार्यक्रमाला मी हो म्हटलं, ते माझ्या मैत्रिणीसाठी. ती बडोद्यातच, तरसालीला राहते. बँकेतून निवृत्त झाल्यावर बायका भजनी मंडळात जातात, ही ऑपेरातली गाणी शिकायला लागली. आवाज लहान, पण खरा. श्वास तेवढा कमी पडायचा. वरच्या सुराआधी तिला थांबून छाती भरून घ्यावी लागे, आणि तोवर मी डाव्या हातानं सूर धरून ठेवायची. कधी ती जास्त थांबायची, कधी कमी. तिच्यासाठी असं थांबणं मला फार आवडायचं, खोटं कशाला सांगू.

तिच्या नवऱ्याला मात्र या गाण्याची चेष्टा करण्यापलीकडे काही सुचत नसे. ती रियाझाला बसली की आतून आवाज यायचा, "कुकर झाला का गं?" घरी कोणी आलं की तिच्या वरच्या सुराची नक्कल करून दाखवायचा आणि स्वतःच हसायचा. माणूस वाईट नव्हता, पण त्याच्या त्या हसण्याचा मला तिटकारा होता. ती मात्र एवढंच म्हणायची, "एकदा ह्यांनी शेवटपर्यंत बसून ऐकावं गं. मग नाही आवडलं तर नाही." हिवाळ्यातल्या त्या कार्यक्रमाला यायला तो कबूल झाला होता. त्यासाठी तिनं एकच गाणं निवडलं आणि आम्ही ते किती वेळा म्हटलं असेल, देव जाणे.

आमची पाळी शेवटची होती. दीपप्रज्वलन, शाली, पाहुण्यांची भाषणं यातच वेळ गेलेला. पियानोच्या वरच्या झाकणावर कोण्या प्रायोजकाची भली मोठी फुलांची परडी, आणि ती हलवायची नाही असं फर्मान. आम्ही विंगेत उभ्या असताना आयोजक आले. पियानोला माइक लावायला आता वेळ नाही, साउंडवाला मोबाइलवरून ट्रॅक लावेल, असं म्हणाले. "आणि मी?" मी विचारलं. "तमे बस बेसो ने, बेन. फोटामां सारुं लागशे."

फोटोत बरं दिसावं म्हणून मी नुसतं बंद पियानोसारखं बसायचं! मी पर्स उचलली आणि म्हटलं, "मी चालले. हे माझ्याच्यानं व्हायचं नाही." मैत्रिणीनं माझं मनगट पकडलं.

"बस ना गं," ती म्हणाली. "हे आलेत. पहिल्या रांगेत आहेत."

मी बसले. फोटोसाठी बोटंही पट्ट्यांवर ठेवली. स्वतःच्याच हातांची मला किळस आली.

साउंडवाला नवरात्रीत गरब्याला स्पीकर लावणारा. त्यानं मोबाइलवर बोट दाबलं. पियानोचे सुरुवातीचे सूर आले. मैत्रिणीनं श्वास घेतला, तोंड उघडलं, आणि स्पीकरमधून एका परक्या बाईचा आवाज निघाला. गोल, भरलेला, कुठल्याशा मोठ्या नाट्यगृहात कमावलेला आवाज. त्या शहाण्यानं नुसत्या साथीचा ट्रॅक न घेता गायलेलं गाणंच उतरवून घेतलं होतं, आणि मैत्रिणीचा माइक उघडलाच नव्हता. ती गात होती. माझ्याजवळच उभी होती म्हणून मला ऐकू येत होतं, तिचं ते बारीक, थरथरणारं, सुरेल गाणं. सभागृहापर्यंत त्यातलं काहीही पोचत नव्हतं.

ती थांबली. आता ही माइक खाली ठेवणार आणि हात वर करून हा तमाशा बंद करायला सांगणार, असं मला वाटलं. मग आम्ही पहिल्यापासून सुरू करू, म्हणून मी हात मांडीवर घेऊन तयार राहिले. तिनं पहिल्या रांगेकडे पाहिलं. नवरा पुढे झुकून, तोंड उघडं टाकून ऐकत होता.

तिचे ओठ पुन्हा हलू लागले. या वेळी मला काहीच ऐकू आलं नाही.

मी हात मांडीवरच ठेवले. स्पीकरमधून पियानो धो धो वाजत होता, पियानोवाली नुसती बसली होती, आणि भरल्या सभागृहात एकालाही ते दिसलं नाही. फोटोग्राफर तर मला खुणेनं म्हणाला, जरा हसा. गाणं संपलं तेव्हा लोक उभे राहिले. अशा टाळ्या त्या सभागृहात मी कधी ऐकल्या नव्हत्या.

नवरा धावतच विंगेत आला. त्याचे डोळे भरले होते. "मी गाढव आहे," तो तिला म्हणाला. "एवढी वर्षं घरात हे चाललंय आणि मी चेष्टा करतोय. मला माफ कर." मग माझ्याकडे वळून, "वहिनी, तुम्ही पण काय वाजवलंत!" सगळं सांगून टाकावं म्हणून मी तोंड उघडलं, तेवढ्यात तो तिला म्हणाला, "उद्या सकाळी घरी हेच म्हणून दाखव. मी समोर बसून ऐकतो."

इतक्या वर्षांत हे तो पहिल्यांदा म्हणत होता. तिनं माझ्याकडे पाहिलं. मी उघडलेलं तोंड मिटलं.

"घसा बसलाय हो माझा," ती म्हणाली.

तिचा घसा अजून सुटलेला नाही. नवरा तिला रोज हळदीचं दूध करून देतो. कोणी जवळच्या पादरा गावचा एक वैद्य सुचवला, तर तिथेही घेऊन गेला. घरी कोणी आलं की तो मोबाइलवर त्या संध्याकाळचं रेकॉर्डिंग लावतो, आवाज मोठा करतो आणि सगळ्यांना गप्प बसवतो. ती शेजारी बसून शेवटपर्यंत ऐकते.