हायब्रीड नगं माय

आमच्या लॅपटॉपमधून टक्‌टक्‌ असा आवाज यायला लागला, तेव्हा पप्पांनी कान लावून निदान केलं, "बेअरिंग गेलं." वाळूजच्या कंपनीत मशीनच्या आवाजावरून दुखणं ओळखण्यात त्यांची अख्खी नोकरी सरली, त्यामुळे मुकुंदवाडीतल्या आमच्या घरात मिक्सरपासून पंख्यापर्यंत सगळ्यांचं बेअरिंगच जातं. या वेळी ते फारसे चुकले नव्हते. जुनी हार्ड डिस्क म्हणजे डबीत गरगरणारी तबकडी आणि तिच्यावरचं वाचणारी एक बारीक दांडी. ती दांडी चाचपडायला लागली की असा आवाज येतो.

त्या तबकडीवर पप्पांची गाणी होती. ड्यूटी संपली की ते गायन पार्टीत गायचे. जयंतीच्या दिवसांत तर घरी फक्त कपडे बदलायला यायचे. कोणी ना कोणी मोबाईलवर रेकॉर्ड केलेली ती भीमगीतं मी वर्षानुवर्षं लॅपटॉपमध्ये टाकत गेले. मग त्यांच्या गळ्याचं ऑपरेशन झालं. आता बोलतात, पण घासल्यासारखं. वरचा सूर गेला. तेव्हापासून घरात ती गाणी लावायची हिंमत कोणी करत नाही. पप्पा फक्त चहाचा कप ठेवताना विचारायचे, "उघडतंय का गं अजून?"

"हो," मी म्हणायचे. आमच्या घरात याहून भावनिक संभाषण होत नाही.

घरातल्या पेन ड्राइव्हमध्ये गाणी मावत नव्हती, म्हणजे नवीन काहीतरी आणायलाच हवं होतं. शहाणा माणूस त्याच दिवशी दुकानात गेला असता. मी अभ्यास सुरू केला. दुकानात अनोळखी माणसाशी बोलावं लागतं. अभ्यासाला माणसं लागत नाहीत.

तर, एसएसडीमध्ये काहीच फिरत नाही, नुसत्या चिप. वेगवान, शांत, धक्का लागला तरी सहसा बिघडत नाही. पण मरते तीही शांतपणे, आणि मग आतलं परत मिळवणं कठीण. साधी हार्ड डिस्क हळू, पण जागा भरपूर, आणि जाण्याआधी बऱ्याचदा कुरकुर करते. हायब्रीड म्हणजे तबकडीच, पण सोबत एक लहानशी वेगवान चिप. रोज लागणारं चिपमध्ये राहतं आणि चटकन येतं. बाकीच्यासाठी तबकडी फिरवायची.

मी हायब्रीडच्या प्रेमात पडले. एक तर बुद्धांचा मध्यममार्ग. तो आमच्याकडे भिंतीवर फ्रेममध्येच लावलेला आहे. दुसरं म्हणजे ती अगदी माझ्यासारखी होती. 'थँक यू' आणि 'सॉरी' माझ्या चिपमध्ये असतात. कोणी मराठीत 'एकोणसत्तर' म्हटलं की डोक्यात तबकडी फिरायला लागते आणि समोरच्याला ती दिसते.

त्याच आठवड्यात अजिंठ्याजवळच्या गावाहून आत्या आली. लसूण सोलता सोलता तिने विचारलं, "काय घेऊ राह्यली गं?"

"हायब्रीड."

आत्याचा हात थांबला. "हायब्रीड नगं माय. लई पिकती, पन भाकरीला चव नाय. गावरान भेटंना का?"

"आत्या, ज्वारी नाही. कॉम्प्युटरचं आहे."

"कशाचं बी असू दे. हायब्रीड ते हायब्रीड." मग ती पप्पांकडे वळली. "तरी तुला म्हनलं व्हतं दादा, पोरीला इंग्लिश शाळेत घालू नगंस. ना धड इकडची, ना तिकडची. हायब्रीड झाली."

पप्पा घासल्या आवाजात म्हणाले, "पण पिकाला उतारा चांगला आहे."

दोघं खूप हसली. मी आत जाऊन हायब्रीडबद्दल सगळं पुन्हा वाचलं, जणू कोर्टात तिची बाजू मलाच मांडायची होती. आणि तिथेच केस हरले. तिची चिप रोजचंच लक्षात ठेवते. आमच्या घरात कोणी लावत नसलेली गाणी कायम तबकडीवरच पडून राहिली असती, आणि तबकडी बिघडली की पुन्हा हेच. म्हणजे लॅपटॉपमध्ये एसएसडी हवी, गाण्यांसाठी बाहेरून जोडायची साधी हार्ड डिस्क हवी, आणि गाणी दोन्हीकडे.

दुसऱ्या दिवशी सकाळी लॅपटॉप सुरूच झाला नाही. "उघडतंय का गं?" या प्रश्नावर मी काळी स्क्रीन त्यांच्याकडे वळवली. पप्पांनी कप ठेवला आणि गाडीची किल्ली घेतली.

पैठण गेटजवळच्या दुकानाबाहेर ते म्हणाले, "तू जा. मी गाडीपाशी थांबतो." रस्ताभर मी मनात वाक्य घोकलं होतं : आधी जुन्या डिस्कमधली गाणी काढून द्याल का? काउंटरवर तोंडातून निघालं, "एक्स्क्यूज मी, डू यू हॅव हायब्रीड?"

जी मला नकोच होती.

"हायब्रीड?" दुकानदार हसला. "वो अब कौन रखता मॅडम! जमाना हुआ."

इतक्या दिवसांचा अभ्यास एका वाक्यात निकालात निघाला. मी निमूट लॅपटॉप पुढे केला आणि कशीबशी गाण्यांची गोष्ट सांगितली. त्याने डिस्क काढून आपल्या मशीनला जोडली. स्क्रीनवरची हिरवी पट्टी सरकायची, थांबायची, परत सरकायची. ती थांबली की मीही श्वास थांबवत होते, जणू त्याने तिला मदत होणार होती.

"थोडे गये," शेवटी तो म्हणाला. "बाकी आ गये. चेक कर लो." आणि त्याने एक गाणं लावलं. स्पीकर पूर्ण आवाजात होते.

पप्पांचा आवाज. वरचा. चार्जर घ्यायला आलेली माणसं वळून बघायला लागली. एरवी मी प्रिंटरच्या खोक्यामागे गेले असते.

"कौन है ये? क्या आवाज है!"

"माझे पप्पा," मी म्हणाले. न घोकता.

दारात पप्पा उभे होते, हातात हेल्मेट. मी घाईघाईने आवाज कमी करायला गेले.

"राहू दे," ते म्हणाले. कपाळाला आठ्या घालून त्यांनी पूर्ण कडवं ऐकलं. "इथं कोरस घसरला. ढोलकीवाल्याला तर घरी जायची घाई." मग काउंटरवर वाकून त्यांनी स्क्रीनवरची नावं वाचायला सुरुवात केली. 

"हे लावा," त्यांनी दुकानदाराला एका नावावर बोट ठेवून सांगितलं. "यात मी बरा गायलोय."