ॲग्नेसचं न आवरलेलं अंथरूण

ॲग्नेस गेल्याचं मला मीटिंग रूममध्ये कळलं. आमच्या हॉटेलच्या नव्या पडद्यांचा रंग कोणता असावा यावर सात माणसं पाऊण तास बोलत होती, आणि त्याच वेळी दोन मजले खाली, लिनन रूममध्ये, धुऊन आलेल्या चादरींच्या गठ्ठ्याशेजारी ॲग्नेस खाली बसली ती उठलीच नाही. दुपारचे सव्वातीन झाले होते. ॲम्ब्युलन्स तिला घेऊन गेली आणि थोड्या वेळानं दवाखान्यातून फोन आला. जनरल मॅनेजरांनी डोळे मिटले, उघडले आणि विचारलं, "हूज कव्हरिंग हर शिफ्ट?" याला आता दीड महिना झाला. माझा राग अजून उतरलेला नाही, आणि तो उतरावा अशी माझी इच्छाही नाही.

ॲग्नेस वसईची. दुबई मरीनातल्या आमच्या हॉटेलात हाउसकीपिंग सुपरवायझर. अठ्ठावीस वर्षं तिनं आखातात दुसऱ्यांचे पलंग आवरले, आणि पुढे पुढे ते नीट आवरले गेलेत की नाही हे पाहिलं. मी पुण्याची, त्याच हॉटेलात एचआर मॅनेजर. ऑफिसात ती मला 'मॅडम' आणि 'तुम्ही' म्हणायची. रविवारी चर्चमधून बर दुबईला माझ्या घरी आली की चप्पल काढता काढता मी 'वसू' व्हायचे. माझी सई सहा महिन्यांची असताना न्यूमोनियानं दवाखान्यात होती, तेव्हा ॲग्नेसनं मला न विचारता मेक्सिकोच्या ग्वादालुपे मातेला नवस बोलून टाकला. सई बरी झाली, वाढली, कॉलेजात गेली, तरी नवस फेडायचा राहिलाच होता. "नवस तुझ्या पोरीसाठी बोललेय, तू पण यायलाच पायजे," ती दर ईस्टरला बजावायची. सई हसायची, "आँटी, जस्ट पे इट ऑनलाइन." तीन वर्षांपूर्वी अखेर आम्ही दोघींनी एकदम रजा टाकली आणि निघालो.

मेक्सिको सिटीत आम्ही हॉटेलात उतरायचं नाही, असं तिनंच ठरवलं होतं. "तिथं गेले तर माझं लक्ष कार्पेटवरच राहील," म्हणाली. म्हणून एका जुन्या वस्तीतलं छोटं गेस्ट हाउस घेतलं. मधे चौक, चौकात बोगनवेल, तीन खोल्या, आणि एकटीनं ते सगळं चालवणारी सेन्योरा कार्मेन नावाची सत्तरीची बाई. शहर इतकं उंचावर की जिन्याच्या बारा पायऱ्या चढताना आम्हाला दोनदा थांबावं लागायचं. दुसऱ्या दिवशी सकाळी मी जागी झाले तर ॲग्नेसचा पलंग आवरलेला. चादर ताणून बसवलेली, चारही कोपरे घडी घालून गादीखाली खोचलेले, उशा सरळ उभ्या. मी तोंड धुऊन येईपर्यंत माझाही आवरून झाला. तिनं मुद्दाम केलं नव्हतं. हातांना दुसरं काही ठाऊकच नव्हतं.

नऊ वाजता सेन्योरा आली, दोन्ही पलंगांकडे बघितलं आणि तिचा चेहरा उतरला. ती मोबाइलमध्ये काहीतरी बोलली आणि त्या भाषांतराच्या ॲपमधून इंग्रजी आवाज आला: माझं घर तुम्हाला अस्वच्छ वाटलं का? ॲग्नेस कानापर्यंत लाल झाली. नाही नाही, हे माझं काम आहे, मी हॉटेलात हेच करते, असं तिनं फोनला तीनतीनदा सांगितलं. सेन्योरानं विचारलं, किती वर्षं? ॲग्नेसनं बोटांनी दोन आणि मग पाच दाखवले. बाई पुढे झाली, ॲग्नेसच्या पलंगावरची चादर ओढून तिचा पार बोळा केला, तिचा हात धरून तिला चौकात नेलं आणि खुर्चीत बसवलं. आपल्या रवीसारख्या लाकडी घुसळणीनं घुसळलेलं गरम चॉकलेट तिच्यापुढे ठेवलं आणि ती ते संपवेपर्यंत कमरेवर हात ठेवून समोर उभी राहिली. ॲग्नेस कप हातात धरून रडत होती. मी जवळ गेले नाही.

देवळात मातेच्या तसबिरीखाली सरकता पट्टा आहे. गर्दी तुंबू नये म्हणून त्यावर उभं राहायचं आणि दर्शन घेत पुढे जायचं. ॲग्नेस चार वेळा फिरून आली. "नीट बोलायच्या आतच पुढे नेतो गं," तिची तक्रार. पाचव्यांदा मात्र नवस फेडल्याच्या समाधानानं खाली उतरली. त्याच संध्याकाळी चौकात बसून तिनं शाळेची दोनशे पानी वही उघडली. वसईला भावाच्या घराशेजारी तिच्या वाटणीची जागा होती. तिथं ती तीन खोल्यांचं गेस्ट हाउस काढणार होती, आणि त्याचे नियम वहीत लिहायला लागली. सकाळी कुणाला उठवायचं नाही. खुर्च्या टेकून बसता येतील अशाच घ्यायच्या. पाहुण्यानं पलंग आवरला तर रागवायचं. निघायच्या दिवशी तिनं स्वतःचं अंथरूण तसंच विस्कटलेलं ठेवलं आणि मला त्याचा फोटो काढायला लावला. पुढे दुबईत तो फोटो ती हाताखालच्या मुलींना दाखवायची. "देखो, मेरा बेड है. मैंने नहीं बनाया."

परतल्यावर महिन्याभरात तिनं राजीनामा आणून माझ्या टेबलावर ठेवला. त्यानंतर जे झालं ते लिहायचं नाही असं दोनदा ठरवलं होतं, पण न लिहिता हा लेख खोटा होईल. जनरल मॅनेजर मला म्हणाले, "वसुधा, शी लिसन्स टू यू. टॉक टू हर." आणि मी बोलले. म्हटलं, ॲग्नेस, सीझन तोंडावर आलाय, एवढा काढ. तिनं कागद परत घेतला. पुढच्या वर्षी नवी विंग उघडायची होती. मी पुन्हा बोलले, तिनं पुन्हा परत घेतला. गेल्या वर्षी तिसऱ्यांदा राजीनामा आला, तेव्हा नव्या मुली ट्रेन व्हायच्या होत्या. त्या वेळी आम्ही अब्रातून, खाडीतल्या लाकडी होडीतून, देऱ्याला चाललो होतो. ती पाण्याकडे बघत म्हणाली, "मी खलास, आता पुरे, म्हणाले होते ना वसू? वसईला छत घालून झालंय, फरशी पण बसली." मी म्हटलं, "शेवटचं वर्ष. इन्शाल्ला, पुढच्या डिसेंबरात तू वसईला." ती म्हणाली, "तू म्हणतेस तर राहते." कायद्यानं तिला कुणी अडवू शकत नव्हतं. अडवलं ते मैत्रीनं, आणि त्या मैत्रीचा उपयोग कसा करायचा हे माझ्या साहेबांना माझ्याहून चांगलं कळलं होतं.

शोकसभा बॅन्क्वेट हॉलमध्ये झाली, दुपारी, दोन बुकिंगांच्या मधल्या वेळात. पडद्यावर तिचा फोटो लावला तो कुठल्याशा ग्रुप फोटोतून कापलेला, खांद्यावर दुसऱ्याच कुणाचा तरी हात. साहेब बोलले, "धिस होटेल वॉज हर होम." मुली हुंदके देत होत्या म्हणून मी गप्प बसले, याचीही मला लाज वाटते. घर? इथं तिला कंपनीच्या अकोमोडेशनमध्ये दोघींत एक खोली होती आणि तिच्या वाट्याच्या कपाटाला कुलूप लागत नव्हतं. घर तिचं वसईला होतं, तीन खोल्यांचं, रंग द्यायचा बाकी असलेलं. मग कुणीतरी म्हणालं की ती फार समाधानी होती, तिनं कधी काही मागितलं नाही. तीन वेळा मागितलं होतं. कागदावर, सही करून, माझ्याकडे.

गेल्या आठवड्यात तिच्या भाचीनं, तिच्या सामानातून घरी पोचलेली ती वही वसईहून पाठवली. सोबत चिठ्ठी होती: आत्या म्हणायची हे वसूला दाखवायचंय. मी वही घेऊन पलंगावर बसले आणि एकेक नियम वाचत गेले. चॉकलेट घुसळायला रवी चालेल. चादरी पांढऱ्या नकोत, पांढऱ्या खूप झाल्या. जिन्याला दोन्ही बाजूंनी कठडा. शेवटच्या भरलेल्या पानावर खोल्यांची नावं होती आणि खाली तिच्या ठसठशीत अक्षरात लिहिलं होतं: "पहिली पाहुणी वसू. पूर्ण आठ दिवस. तिला एक काम सांगायचं नाही. ऑफिसवाले सोडत नाहीत म्हणाली तर तिचं ऐकून घ्यायचं नाही."

माझ्यासाठी तिनं हा नियम केला होता... आणि स्वतःच्या वेळी तीनही वेळा माझं ऐकून घेतलं.