मान्यता येणार होती

कामठ्याचा शालीकराम जनपद सभेत, म्हणजे तालुक्याच्या स्थानिक संस्थेत, देवीची लस टोचायच्या नोकरीवर होता. मॅट्रिक झालेला, सायकलच्या मागे लशीचा डबा बांधून गावोगाव फिरणारा. त्रेपन्न साली उन्हाळ्यात मुर्रीत हैजा, म्हणजे कॉलरा, शिरला. कोणत्या विहिरीतून शिरला, हे शालीकरामानं दुसऱ्याच दिवशी ओळखलं. पण विहीर बंद करायचा अधिकार सॅनिटरी इन्स्पेक्टरचा, आणि तो उगवला पाच दिवसांनी. तोवर अकरा माणसं गेली. त्यांत शालीकरामाची मुर्रीतच दिलेली धाकटी बहीण वच्छला होती. तिच्या सासऱ्याला त्यानं हात जोडून सांगितलं होतं, हे पाणी पिऊ नका. सासरा म्हणाला होता, "तू सुई टोचणारा. विहिरीचं तुले काय समजते?"

तेव्हापासून त्याला इन्स्पेक्टर व्हायचं होतं.

पंचावन्न साली नागपुरात एक खासगी संस्था निघाली. सार्वजनिक आरोग्याचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम, प्रवेश तिशीच्या आत. शालीकरामाला एकोणतिसावं चालू होतं. संस्थेला सरकारची मान्यता नव्हती, म्हणून रजा मिळणार नव्हती. जायचं तर राजीनामा देऊन.

तो आधी बघून आला. लाकडाच्या वखारीवर भाड्याच्या दोन खोल्या, एकच सूक्ष्मदर्शक. प्राचार्य निवृत्त डॉक्टर होते, आणि ते खोटं बोलले नाहीत. "अर्ज सचिवालयात आहे. मान्यता येईल असं मला वाटतं. पण लिहून देऊ शकत नाही," ते म्हणाले. मग त्यांनी नाल्याच्या पाण्याचा एक थेंब काचेवर घेऊन त्याला दाखवला. काचेखालची ती वळवळ शालीकराम किती तरी वेळ बघत राहिला. संस्थेतून निघताना त्याचं मन अर्धं तिथंच राहिलं होतं.

घरी बाप बकाराम भडकला. "लागलेली नोकरी सोडून जाऊन राहिला, अन् कागदाचा भरवसा नाई. कायले गा?"

दवाखान्यातला कंपाउंडर सेवकराम त्याचा दोस्त. तो म्हणाला, "पहले मान्यता आने दो, भाई. फिर जाना."

"तोवर माहं वय निघून जाते," शालीकराम म्हणाला.

 बायको सुमित्राबाईनं धान पाखडता पाखडता विचारलं, "वच्छलाबाईसाठी जाऊन राहिले, का साहेब व्हासाठी?"

त्याला खोटं बोलवलं नाही. "दोन्हीसाठी."

"मंग जा. पण उद्या मले बोल लावू नका."

तो गेला. पहिल्या वर्षी पहिला आला. छप्पनच्या नोव्हेंबरात राज्यच बदललं. विदर्भ मुंबईला जोडला गेला, नागपूरची राजधानी गेली, सचिवालयातली कपाटं काही भोपाळला, काही मुंबईला रवाना झाली. संस्थेची फाइल कुठे गेली, कोणालाच ठाऊक नव्हतं. भोपाळहून उत्तर आलं, संस्था आमच्या राज्यात नाही. मुंबईहून आलं, संस्था आमच्या यादीत नाही. प्राचार्यांनी दोन्ही पत्रं वर्गात वाचून दाखवली आणि म्हणाले, "ज्यांना जायचं त्यांनी जावं." सहाजण उठून गेले. शालीकराम बसून राहिला. परतायला त्याची जागा कुठे होती? तिच्यावर केव्हाच दुसरा माणूस लागला होता.

सत्तावन्नला प्रमाणपत्र घेऊन तो जनपद सभेच्या कचेरीत गेला. बाबूनं कागद वाचला, उलटा करून मागची कोरी बाजूही बघितली आणि परत दिला. खूप खेटे घातल्यावर विहिरींत पावडर टाकायचं रोजंदारीचं काम मिळालं.

अठ्ठावन्नला मान्यता आली. त्या वर्षापासून पास होणाऱ्यांना. आधीच्यांबद्दल आदेशात एक ओळही नव्हती.

पुढच्या साली त्याच्यावर नवा इन्स्पेक्टर आला. मुन्नालाल. त्याच संस्थेतला, त्याच प्राचार्यांच्या हाताखाली शिकलेला, फक्त एका वर्षानं मागचा. पोरगा वाईट नव्हता. बिरसीला हैज्याची पहिली केस झाली तेव्हा तो घाबरून म्हणाला, "दादा, आप ही बताइए, क्या करें?"

शालीकरामानं घरोघर विचारलं, दोन विहिरी शोधल्या आणि मुन्नालालच्या सहीनं बंद करवल्या. दोघंच दगावली. अहवालही शालीकरामानंच लिहिला, कारण मुन्नालालचं मराठी कच्चं होतं. त्या अहवालावर मुन्नालालला बढती मिळाली. जाताना तो शालीकरामाच्या पाया पडला.

त्या दिवशी जेवायला वाढताना सुमित्राबाईनं विचारलं, "कागदावर तुमचं नाव हाय का?"

"नाई."

"जाऊ द्या. गाव तं वाचलं ना?"

शालीकरामानं हातातला घास ताटात ठेवला.

"वाचलं," तो म्हणाला. "पण मले आनंदच नाई झाला वो. मुन्नालालच्या हातून दहा-पाच मेले पायजे होते, असं येऊन राहिलं मनात."

 तो उठून हात धुवायला गेला.