कांचनचं नाक

कांचन नागपुरात वाढली तेव्हापासूनच तिचं नाक घरात कुप्रसिद्ध होतं. उष्ट्या पेल्याला ती हात लावायची नाही. धाकट्या भावाचं नाक वाहताना दिसलं तर भरल्या ताटावरून उठायची. "हिला मूल झालं की कळेल," असं आई म्हणायची. आईचं म्हणणं खरं ठरलं, पण अर्धंच.

लग्न होऊन ती मिशिगनमध्ये ट्रॉयला आली. नवरा चंद्रशेखर मोटारींच्या कारखान्यात इंजिनिअर, शब्दाला गोड, चारचौघांत हसतमुख. १९८४ च्या उन्हाळ्यात तिला दिवस गेले आणि त्या नाकानं उच्छाद मांडला. फोडणी बंद झाली, कॉफी बंद झाली, फ्रिजचं दार उघडलं तरी ओकारी यायची. तिसऱ्या महिन्यात नवऱ्याची पाळी आली. आफ्टरशेव्ह फेकून दिलं, साबण बदलला, तरी तो कुशीवर वळला की ही बाथरूमकडे धावायची. शेवटी तो पांघरूण घेऊन बेसमेंटमधल्या सोफ्यावर झोपायला गेला. "उशी राहू दे वरच," तो म्हणाला, "परत येणारच आहे की." तिला तेव्हा त्याची फार माया आली होती, आणि माया येत असतानाच मळमळतही होतं.

सातव्या महिन्यात तिथल्या महाराष्ट्र मंडळाच्या बायकांनी डोहाळजेवण केलं. वीणाकाकूंचं घर मोठं, म्हणून त्यांच्याकडे. फुलांचे दागिने झाले, आणि मग कुणीतरी म्हणालं, उखाणा घे. नवऱ्याचं नाव घेताना दोन ओळी गमतीच्या म्हणायच्या, एवढीच रीत. तिनं घेतला:

"कांदा गेला, लसूण गेला, तरी ओकारी हटेना,
चंद्रशेखररावांचाही वास मला सोसेना!"

हशानं घर दणाणलं. पुरुषमंडळी दारातच उभी होती. "अरे चंदू, यार, डिओडरंट बदल!" असं एकजण ओरडला, आणि पुढे नाताळच्या पार्टीत, संक्रांतीला, ऑफिसातल्या मराठी मित्रांतही तेच चालू राहिलं. त्या दिवशी सगळ्यांत मोठ्यानं हसला होता तो चंद्रशेखरच. ते बघून ती निश्चिंत घरी आली. बाई, जो सगळ्यांत मोठ्यानं हसतो त्याच्याकडेच नीट बघायचं असतं, पण हे तिला कोण सांगणार?

फेब्रुवारीत मुलगी झाली आणि नाकानं एका दिवसात शरणागती पत्करली. जी पोरगी भावाच्या शेंबडाला भ्यायची, ती आता खांद्यावरची ओक पदरानं पुसून पुढचा घास खायची. हाताला घाण लागली तरी तिला काही वाटायचं नाही, हात धुवायलासुद्धा मागाहून आठवायचं. आणि एका दुपारी चंद्रशेखरचे कपडे मशीनमध्ये टाकताना त्याच्या शर्टाचा वास आला, तर ती तो नाकाशी धरून कितीतरी वेळ उभी राहिली. तिला तो हवा होता. त्याच दिवशी तिनं वरच्या उशीला धुतलेला अभ्रा घातला.

चंद्रशेखर मात्र खालीच. आधी म्हणाला, बाळ रडतं, मला लवकर उठायचं असतं. मग म्हणाला, पाठीला सोफाच बरा पडतो. तिला वाटलं, रुसलाय. चारचौघांत दुखावलं, तर चारचौघांतच भरून द्यायला हवं.

सव्वा महिन्यानंतर, सगळ्यांना सोयीचा शनिवार पाहून बारसं केलं. उखाण्याची वेळ आली तशी ती न सांगताच उभी राहिली.

"मळमळ सरली, लेक आली, घर झालं गोकुळ,
चंद्रशेखररावांच्या वासासाठी नाक झालं व्याकुळ!"

टाळ्या पडल्या. वीणाकाकूंनी डोळे टिपले. चंद्रशेखरही हसला, तसाच, मोठ्यानं.

पाहुणे गेल्यावर बाळाला खांद्यावर घेऊन ती बेसमेंटच्या जिन्यानं खाली उतरली. तो टीव्ही बघत होता.

"अहो, आता वर या ना."

तो सोफ्याच्या दुसऱ्या टोकाला सरकला. "कांचन, प्लीज, जरा लांब. तुझ्या अंगाला आंबट दुधाचा वास येतो. आय जस्ट कान्ट."

"मी आंघोळ करून येते."

"आंघोळीनं जात नाही तो. मी नव्हता का साबण बदलला?" मग तो हसला. "आणि हे मी कुणाला सांगितलं नाही हं. उखाणाबिखाणा काही घेतला नाही."

तिनं त्याच्या तोंडाकडे पाहिलं. तिला त्याचा वास सोसेना तो पोटातल्या गर्भामुळे, तिच्या हातात काही नव्हतं, एवढं त्याला कळत होतं. चांगलं कळत होतं. तरी चार महिने त्यानं तो उखाणा मनात जपून ठेवला होता.

ती वर आली. बाळानं दुपटं भरवलं होतं ते बदललं, पुसलं, बाळाला पलंगावर ठेवलं. मग त्याची उशी उचलली, धुतल्या अभ्र्यासकट, आणि जिन्यावरून खाली टाकली. मग तिनं बेसमेंटचं दार लावून घेतलं आणि बाळाला पलंगाच्या मधोमध घेऊन झोपली.