ग्रॅमअण्णा

ग्रॅमअण्णांच्या हातात काहीही ठेवा, ते क्षणभर डोळे मिटायचे आणि वजन सांगायचे. मी त्यांच्या बंगळुरातल्या कोरमंगलाच्या घरी पहिल्यांदा गेलो, तेव्हा माझ्या हातातली मोसंब्यांची पिशवी त्यांनी दारातच घेतली आणि आत न बघता म्हणाले, "सातशे चाळीस." आतून अक्कांचा, म्हणजे त्यांच्या पत्नींचा आवाज आला, "आल्या आल्या पाहुण्यांना तोलू नका हो!" तेव्हा मी चांगला ऐंशी किलोंचा होतो. उगीचच पोट आत ओढून उंबरठा ओलांडला.

अण्णा मूळचे निपाणीकडचे. विमानांच्या सरकारी कारखान्यात छत्तीस वर्षं नोकरी झाली, ती सगळी वजन-विभागात. विमानांच्या कारखान्यात वजनांचा वेगळा विभाग असतो हे मला त्यांच्याकडूनच कळलं. डिझाइनवाले एकेक भाग घेऊन यायचे आणि अण्णा एकच प्रश्न विचारायचे, "हा एवढा जड का?" त्यांचं म्हणणं होतं, "प्रत्येक ग्रॅमला नोकरी पाहिजे. बिनकामाचा ग्रॅम मी आत सोडणार नाही." एकदा वरच्या साहेबांनी एका आकड्यातले थोडे ग्रॅम खाली ओढायला सांगितले. अण्णांनी खरा आकडा लिहिला आणि त्यांची बढती दोन वर्षं लांबली. हे सांगताना त्यांच्या आवाजात फुशारकी नसायची. "विमानाला खोटं सांगून चालत नाही. ते वर गेल्यावर विचारतं," इतकंच म्हणायचे आणि कॉफीचा पेला उचलायचे. बहुधा त्याचंही वजन मनातल्या मनात करत असावेत.

आमची ओळख कॅमेऱ्यावरून झाली. बंगळुरात कॅमेऱ्याचं वेड लागलेली मराठी माणसं आम्ही पाच-सहा जण, दर शनिवारी सकाळी अण्णांच्या हॉलमध्ये जमायचो. बेळ्ळंदूरहून येणारा प्रणव नावाचा एक सॉफ्टवेअरवाला होता, तो ट्रॅफिकला शिव्या देत सगळ्यात शेवटी यायचा आणि सगळ्यात ताज्या अफवा आणायचा. आम्ही सगळे पक्षी, सूर्यास्त, देवळांचे कळस असलं काहीबाही टिपायचो. अण्णा फक्त हात टिपायचे. फूल-बाजारात गजरे गुंफणाऱ्या बायकांचे, डोशावर लोणी फिरवणाऱ्याचे, छत्री दुरुस्त करणाऱ्या म्हाताऱ्याचे. त्यांच्या फोटोत चेहरा शोधूनही सापडायचा नाही. मी एकदा विचारलं तर म्हणाले, "चेहऱ्याला कळतं रे, आपल्याला कोणीतरी बघतंय. हात बिचारे कामात असतात."

त्यासाठी त्यांच्याकडे एक छोटा कॅमेरा होता, भिंग बदलता येणारा, डोळ्याला लावून बघायची खिडकी असलेला, आणि खिशात मावेल असा. तो बिघडला. सुटे भाग मिळेनात, कारण कंपनीनं ती जातच बनवायची बंद केली होती. जगभरचे शौकीन तिच्या नव्या अवताराची वाट बघत होते आणि आम्हीही. त्याच सुमारास अण्णांच्या दंडातली ताकद कमी व्हायला लागली. डॉक्टरांनी स्नायूंच्या आजाराचं भलंमोठं नाव सांगितलं. मी नाव विचारलं, तर अण्णा म्हणाले, "फार जड आहे, सोड." हा आजार हळूहळू पुढेच जाणार होता, मागे येणार नव्हता, हे मात्र त्यांनी सरळ सांगितलं.

आणि मग या माणसानं काय करावं? एक आलेखवही काढली. तिच्यात दोन रेघा. निळी रेघ येणाऱ्या कॅमेऱ्याच्या वजनाची, प्रणवच्या अफवांवरून काढलेली, त्यात त्यांच्या आवडत्या भिंगाचे नव्वद ग्रॅम मिळवून. लाल रेघ त्यांच्या हाताची. निळी वर चालली होती, लाल खाली. "या दोघी एकमेकींना भेटायच्या आत कॅमेरा दुकानात आला पाहिजे," अण्णा म्हणाले. "मला एक सकाळ पाहिजे फूल-बाजारात, कॅमेरा डोळ्याला लावून. एकच. पुढचं पुढे."

प्रणव म्हणाला, "अण्णा, ट्रायपॉड घ्या ना." अण्णा म्हणाले, "तिपाई लावली की बाजारातल्या सगळ्या बायका पदर सारखा करतात." मी फोन सुचवला. "फोन हातभर लांब धरावा लागतो. माझा हात तेवढ्या लांब जायला तयार नाही आणि माझा डोळा तेवढ्या लांबून बघायला."

लाल रेघेची चाचणी शनिवारी सगळ्यांसमोर व्हायची. मी स्वयंपाकघरात जाऊन स्टीलच्या डब्यात तांदूळ भरायचा, काट्यावर वजन करायचं आणि बाहेर येऊन पुकारायचं, "आज पाचशे साठ!" अण्णा दोन्ही हातांनी डबा उचलून उजव्या डोळ्याशी न्यायचे, कोपरं बरगड्यांना लावायचे. प्रणव वीसपर्यंत मोजायचा. हात थरथरला की डब्यातला तांदूळ सळसळायचा. "तांदूळ बोलला की संपलं," हा नियम. त्या वीस आकड्यांत आमच्यासारखी तोंडाळ माणसं श्वास धरून बसायची. मी आयुष्यात पुष्कळ नाटकं पाहिली, दोन-चार केलीही, पण एवढी शांतता कुठल्या प्रेक्षागृहात ऐकली नाही.

इकडे इंटरनेटवर शौकिनांचं मतदान चाललं होतं. नव्या कॅमेऱ्यात काय हवं? मी मोठ्या बॅटरीला मत दिलं. प्रणवनं उलटसुलट वळणाऱ्या पडद्याला. कोणाला पावसात चालणारा हवा होता, कोणाला दोन कार्डांचा. अण्णांनी आमच्याकडे एकेक करून बघितलं. मला म्हणाले, "तुझी बॅटरी माझ्या मनगटावर बसणार बघ." प्रणवला म्हणाले, "आणि तुझा पडदा माझ्या अंगठ्यावर." आम्ही हसलो, तेही हसले. पुढच्या महिन्यात अफवा पक्की झाली, बॅटरी मोठी होती आणि पडदा वळणारा होता. निळी रेघ साठ ग्रॅमनी वर गेली. त्या दिवशी हसणाऱ्यांत फक्त अण्णा होते.

पाचशे वीसच्या शनिवारी मी स्वयंपाकघरात डबा भरला आणि माझा धीर सुटला. गेल्या वेळी पाचशे तीसला तांदूळ बोलला होता. मी डब्यात हात घातला, एक मूठ काढून पिंपात टाकली आणि मागे वळलो तर अक्का उभ्या. मला वाटलं, आता हाताला धरून बाहेर काढणार. त्यांनी बाहेरच्या दाराकडे बघितलं, पदराला हात पुसले आणि हळूच म्हणाल्या, "बास होईल ना एवढी?"

मी बाहेर येऊन खड्या आवाजात पुकारलं, "पाचशे वीस!" अण्णांनी डबा हातात घेतला. डोळे मिटले. नेहमीपेक्षा थोडे जास्त वेळ मिटले असं मला वाटलं आणि कानशिलं तापली. मग त्यांनी डबा डोळ्याशी नेला. वीस आकडे झाले. तांदूळ गप्प. "सरी, ठीक आहे," अण्णा म्हणाले आणि वही ओढून लाल टिंब दिलं. टाळ्या पडल्या. भारतातला सर्वांत जाणता हात आपण फसवला म्हणून मी दिवसभर हवेत होतो. त्यानंतर दर शनिवारी मी न सांगता अक्का डब्याजवळ येऊन उभ्या राहायच्या.

अखेर कॅमेरा आला. भिंगासकट पाचशे सात ग्रॅम. आमच्या वहीत लाल रेघ पाचशे पंधरावर उभी होती. आठ ग्रॅमनी जिंकलो होतो! आम्ही अण्णांना वाजतगाजत म्हणावं तसं दुकानात नेलं. अक्का ठेवणीतली साडी नेसून आल्या होत्या. दुकानदारानं खोका उघडला, अण्णांनी खिशातून आपलं भिंग काढून दिलं, त्यानं ते बसवलं. अण्णांनी कॅमेरा हातात घेतला, डोळे मिटले. "पाचशे सात. खरं बोलतात लेकाचे."

मग त्यांनी तो डोळ्याकडे नेला. हनुवटीपर्यंत आला. तिथं हात थांबले आणि कापायला लागले. तांदूळ नव्हता, त्यामुळे आवाज काहीच झाला नाही. मी त्यांच्या कोपराखाली हात दिला, तर ते हलकेच म्हणाले, "काढ. टेकू लावून वजन कमी होत नाही, नुसतं दुसऱ्याकडे जातं." कॅमेरा त्यांनी काउंटरवर ठेवला, एखादं मूल झोपवावं तसा. "चांगला आहे. बिनकामाचा ग्रॅम फारसा नाही. पण माझा नाही."

दुकानाबाहेर रिक्षाची वाट बघताना मी एकदाचं तोंड उघडलं. "अण्णा, त्या डब्यात..."

"पहिल्या दिवशी चाळीस कमी होते," अण्णा म्हणाले. "ती तुझी मूठ. नंतर पंचवीस-पंचवीस जास्तीचे जायला लागले, ती हिची. हिची मूठ लहान आहे."

अक्का रस्त्याकडे बघत राहिल्या.

"मग बोलला का नाहीत?" मी जवळजवळ ओरडलोच.

"काय बोलू? तुम्ही दोघं स्वयंपाकघरातून केवढे खुशीत बाहेर यायचात! आणि खोटं कशाला सांगू, मलाही स्वल्प बरं वाटायचं. खरे आकडे शेजारी पेन्सिलीनं लिहिलेत मी. बघ जाऊन." मी कधी बघितले नाहीत. रिक्षा आली. अक्कांना आधी बसवून ते म्हणाले, "आता तू घे तो कॅमेरा. बाजारात मी येतो की."

तसा मी घेतला, आणि एका सकाळी आम्ही फूल-बाजारात गेलो. खिडकीला माझा डोळा, शेजारी अण्णा. ते म्हणायचे, "आता!" आणि मी बटण दाबायचो. घरी येऊन फोटो पाहिले, तर एकाही फोटोत ते नव्हतं जे अण्णांनी पाहिलं होतं. गाठ मारून झालेली, दोरा तुटून गेलेला, बोटं पुन्हा परडीत. त्यांच्या शब्दापासून माझ्या बोटापर्यंत येईतो हात पुढे निघून गेलेला असायचा. साठेक फोटो असे बघून झाल्यावर अण्णा म्हणाले, "तुझं बोट काय पुण्याहून येतं काय रे?" आणि इतके हसले की अक्का पाण्याचा पेला घेऊन धावत आल्या. त्यानंतर त्यांनी बाजाराचं नाव काढलं नाही.

शनिवार मात्र त्यांनी मोडू दिला नाही. पुढे खुर्चीतून उठणं बंद झालं तरी आम्हाला बोलावून घ्यायचे, आणि एखाद्यानं नवीन फोटो दाखवला तर मान थोडी पुढे करून "हातांकडे बघ, हातांकडे" म्हणायचे. मी आजही कोणाला भेटलो की आधी हातांकडे बघतो. लोकांना वाटतं, मी अंगठ्या मोजतोय.

अण्णा गेले त्याच्या तीन आठवडे आधीची गोष्ट. कंपनीनं शौकिनांसाठी एक प्रश्नावली काढली होती, पुढच्या कॅमेऱ्यात काय हवं याची. प्रणवनं ती सगळ्यांना पाठवली. अण्णांना तेव्हा लिहिता येत नव्हतं. मला जवळ बसवून म्हणाले, "माझी भर." मी वाचत गेलो, ते सांगत गेले. सर्वांत महत्त्वाचं काय? वजन. खिडकी हवी का? हवीच. भिंगाशिवाय किती वजन चालेल?

"दोनशे ऐंशी."

"अण्णा, खिडकीसकट दोनशे ऐंशी? अशक्य आहे."

"आम्ही छत्तीस वर्षं अशक्यच मागत होतो. तेव्हा कुठं ते शक्य तेवढं द्यायचे. लिही. माझ्यासारखा कुठंतरी कोणीतरी डबा उचलून बघत असेल."

मी लिहिलं. खाली वयाची चौकट होती, ती भरली. मग शेवटचा प्रश्न आला. तो मी मनातच वाचला आणि फोनचा पडदा वर सरकवायला लागलो.

"थांब. काय आहे ते वाच."

मी वाचलं, "पुढचं मॉडेल येत्या दोन वर्षांत विकत घेण्याचा आपला विचार आहे का?"

अक्का दारात उभ्या होत्या. मी अण्णांकडे बघितलं.

"काय बघालास तोंडाकडे?" अण्णा म्हणाले. "'हो' वर खूण कर. 'नाही' म्हणणाऱ्याचं वजन कोण मोजतं?"